ओठ टोचून घेण्यापूर्वी...

‘सोनारानेच कान टोचावेत’ ही म्हण मराठी माणूस बहुधा उपदेशाच्या संदर्भात वापरतो. ज्याचे काम त्यानेच करावे, एवढाच तिचा मथितार्थ. ओठ टोचून घेण्याच्या बाबतीत मात्र ती जवळजवळ शब्दशः लागू पडते. अडचण अशी, की ओठ टोचणारा सोनार आपल्याकडे परंपरेने नाही. कान आणि नाक टोचण्याचे ज्ञान घराघरांत मुरलेले आहे. तार कधी फिरवावी, तेल कधी लावावे, कान चिघळला तर काय करावे, हे आजीपासून शेजारणीपर्यंत सर्वांना ठाऊक असते. ओठाच्या बाबतीत असा अनुभव पाठीशी नाही. मोठ्या शहरांतील टॅटू आणि पिअर्सिंग स्टुडिओंमधून ही हौस आली. तिच्याबरोबर यावयास हवी असलेली माहिती मात्र पुरेशी आली नाही.

ओठाची जखम काही आठवड्यांत भरून येते. परंतु ओठातील दागिन्याच्या मागच्या चकतीने हिरडी उतरली, तर ती आपोआप पुन्हा चढत नाही. दाताचा कपचा उडाला, तर तो पुन्हा उगवत नाही. म्हणूनच ओठ टोचावा की नाही, कोठे टोचावा आणि टोचल्यानंतर काय सांभाळावे, याचा विचार सुई टोचण्यापूर्वीच करावयास हवा.

जुनाच दागिना

ओठात दागिना घालणे ही आधुनिक काळाची टूम आहे, असा समज असला तरी तो खरा नाही. मेक्सिकोतील अ‍ॅझ्टेक समाजात उमराव आणि पराक्रमी योद्धे खालच्या ओठात सोन्याचे आणि स्फटिकासारख्या मौल्यवान दगडांचे दागिने घालीत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात असा एक सोन्याचा सर्पाकृती दागिना असून त्या सापाची जीभ हलणारी आहे. अलास्काच्या किनाऱ्यावरील त्लिंगित समाजात हा मान स्त्रियांचा होता. इथिओपियातील मुर्सी स्त्रिया खालच्या ओठात मातीची चकती धारण करतात, तर ब्राझीलमधील कायापो आदिवासींचे जगप्रसिद्ध नेते राओनी मेतुकतिरे यांची ओळखच ओठातील लाकडी चकतीशी जोडली गेली आहे.

या इतिहासातील एक बाब आजच्या तरुणांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील प्राचीन दफनांत पुरातत्त्वज्ञांना असे सांगाडे आढळले आहेत, की ज्यांच्याजवळ दागिना उरलेला नाही. पण समोरच्या दातांवर घासून गुळगुळीत झालेले सपाट पैलू आहेत. त्या पैलूंवरूनच ही व्यक्ती ओठात दागिना घालीत होती, असे ओळखता येते. दागिना काळाच्या ओघात नाहीसा झाला, दातावरील खूण तेवढी राहिली.

भारतात ओठ टोचण्याची परंपरा नसली, तरी टोचण्याचे शास्त्र जुने आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळावा अध्याय कर्णवेधाविषयी आहे. मुलाचे कान सहाव्या किंवा सातव्या महिन्यात टोचावेत, पाळीवर सूर्यप्रकाश धरून नैसर्गिक पातळ जागा शोधावी, टोचल्यावर कापसाची वात घालावी, दर तीन दिवसांनी ती थोडी जाड करावी, अशा सूचना तेथे आढळतात. रक्त आणि वेदना अधिक झाल्यास जागा चुकली असे समजावे, हेही सांगितले आहे. योग्य जागा, योग्य साधन आणि नंतरची निगा ही त्रिसूत्री आजही बदललेली नाही.

आजच्या स्वरूपातील पिअर्सिंगचा व्यवसाय अमेरिकेत १९७० च्या दशकात उभा राहिला. पुढे पंक संगीताच्या चाहत्यांनी आणि १९९० नंतर पॉप तारकांनी त्याला लोकप्रियता मिळवून दिली. या व्यावसायिकांची ‘असोसिएशन ऑफ प्रोफेशनल पिअर्सर्स’ ही संघटना १९९४ साली स्थापन झाली. स्वच्छता, धातू आणि निगा यांविषयी तिने घालून दिलेले निकष अनेक देशांतील स्टुडिओ प्रमाण मानतात.

कोठे टोचतात?

खालच्या ओठाखाली मधोमध टोचतात त्यास ‘लॅब्रेट’ म्हणतात. ओठाच्या खाली दोन्ही बाजूंना एकेक टोचल्यास सापाच्या दंशासारखे दिसते, म्हणून त्यास ‘स्नेक बाइट्स’ हे नाव पडले. वरच्या ओठावर डावीकडे, तिळाच्या जागी टोचल्यास ‘मन्रो’ म्हणतात. हे नाव अर्थातच मॅरिलिन मन्रोच्या गालावरील तिळावरून आलेले. तोच दागिना उजवीकडे असला तर ‘मॅडोना’. नाकाच्या खाली, ओठाच्या वर असलेल्या खळगीत टोचल्यास ‘मेडुसा’. ‘व्हर्टिकल लॅब्रेट’ या प्रकारात सुई ओठाच्या खालून शिरून ओठाच्या लाल भागातून वर निघते, त्यामुळे दागिन्याचा कोणताही भाग तोंडाच्या आत येत नाही.

हा शेवटचा फरक केवळ दिसण्यापुरता नाही. दागिन्याची मागची बाजू दात आणि हिरड्यांकडे असते की नाही, यावर पुढील धोक्याचे प्रमाण पुष्कळ अंशी अवलंबून असते. नावे ऐकून किंवा छायाचित्रे पाहून जागा निवडण्याऐवजी आपल्या ओठाची जाडी, दातांची ठेवण आणि हसताना होणारी ओठाची हालचाल पाहून ती ठरविणे श्रेयस्कर.

कान आणि ओठ

कानाची पाळी टोचली, मग ओठात काय विशेष, असे अनेकांना वाटते. दोहोंत मोठा फरक आहे. पाळीला दोन्ही बाजूंनी कोरडी त्वचा असते. ओठाला बाहेरून त्वचा आणि आतून ओलसर अंतस्त्वचा असते. त्यामुळे एकाच जखमेची एक बाजू हवेत आणि दुसरी लाळेत राहते. तोंडात शेकडो प्रकारचे जिवाणू कायम वस्तीला असतात. एरवी ते निरुपद्रवी असले, तरी ताज्या जखमेत शिरल्यास उपद्रव देऊ शकतात.

दुसरे म्हणजे ओठाला रक्तपुरवठा भरपूर असतो. चेहऱ्याच्या मुख्य धमनीच्या शाखा वरच्या आणि खालच्या ओठातून, आतील बाजूच्या जवळून गेलेल्या असतात. या रक्तपुरवठ्यामुळे जखम लवकर भरते हा फायदा. सुई चुकीच्या जागी गेल्यास रक्तस्राव अधिक होतो हा तोटा. खालच्या ओठाला संवेदना पुरविणारी मज्जा हनुवटीच्या दोन्ही अंगांना हाडातून बाहेर पडते. तिच्या शाखेला इजा झाल्यास ओठाचा काही भाग बधिर राहू शकतो.

तिसरे कारण नाक आणि वरचा ओठ यांनी बनलेल्या त्रिकोणाचे. या भागातील शिरांचा मेंदूलगतच्या शिरांशी संबंध असतो. म्हणून येथील जंतुसंसर्ग खोलवर पसरण्याची घटना दुर्मीळ असली, तरी वैद्यक तिला गांभीर्याने घेते. वरच्या ओठावर गळू झाल्यास ते घरी दाबून फोडू नये, असे डॉक्टर बजावतात ते यासाठीच.

खरा धोका दातांना

जंतुसंसर्गाची भीती सर्वांना असते; दात आणि हिरड्यांचा विचार फारसे कोणी करीत नाही. वास्तविक दीर्घकालीन हानी तेथेच होते. दागिन्याची मागची चकती बोलताना, खाताना, हसताना पटाशीच्या दातांवर आणि त्यांच्या हिरड्यांवर घासत राहते. दुखत नाही, म्हणून लक्ष जात नाही. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी आरशात एक दात शेजारच्यापेक्षा लांब दिसू लागतो. प्रत्यक्षात दात लांब झालेला नसतो, तर हिरडी खाली सरकून त्याचे मूळ उघडे पडलेले असते. थंड पाणी झोंबू लागते ते त्यानंतर.

‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ डेंटल हायजीन’ या नियतकालिकात २०१६ साली या विषयावरील संशोधनाचा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात समाविष्ट अभ्यासांनुसार ओठ टोचलेल्यांपैकी ५० टक्क्यांपर्यंत व्यक्तींमध्ये हिरडी सरकल्याचे आणि २६ टक्के व्यक्तींमध्ये दातांना इजा झाल्याचे आढळले. ओठ न टोचलेल्यांच्या तुलनेत हिरडी सरकण्याची शक्यता चौपटीच्या आसपास होती. अमेरिकन डेंटल असोसिएशनने तर तोंडाच्या आत आणि भोवती टोचून घेऊच नये, अशी स्पष्ट भूमिका घेतली आहे.

दागिना जितकी अधिक वर्षे राहील आणि त्याची दांडी जितकी सैल असेल, तितकी झीज वाढते. ओठाचा गोळा दातांनी चावण्याची, जिभेने फिरविण्याची सवय अनेकांना लागते. त्यातून दाताला बारीक तडे जातात किंवा कपचा निघतो. दागिन्याच्या मागील भागावर अन्नकण आणि किटण साचते, ते वेगळेच. सरकलेली हिरडी पूर्ववत करण्यासाठी टाळूचा तुकडा घेऊन तेथे बसविण्याची शस्त्रक्रिया करावी लागते. ती खर्चिक असते आणि प्रत्येक वेळी पूर्ण यश देतेच असे नाही.

यावर उपाय आहेत. दागिन्याच्या मागील बाजूस गोळ्याऐवजी सपाट चकती असावी. जागा निवडताना ती चकती हिरडीच्या कडेवर येणार नाही, हे पाहावे. सूज उतरताच दांडी आखूड करून घ्यावी. आणि वर्षातून किमान दोनदा दंतवैद्याकडून हिरड्या तपासून घ्याव्यात. हिरडी सरकू लागल्याचे दिसताच दागिना काढून टाकणे हाच शहाणपणा होय.

कोणी टाळावे?

संधिवातज्वरामुळे हृदयाच्या झडपा बिघडलेल्या, जन्मतः हृदयदोष असलेल्या किंवा कृत्रिम झडप बसविलेल्या व्यक्तींनी हृदयरोगतज्ज्ञांच्या संमतीशिवाय ओठ टोचून घेऊ नये. तोंडातील जिवाणू रक्तात मिसळून झडपांवर बसण्याचा धोका अशा रुग्णांत असतो. मधुमेह आटोक्यात नसल्यास जखम भरण्यास विलंब लागतो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी, तसेच रक्त न गोठण्याचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावे. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असल्यास त्वचा कोरडी व नाजूक झालेली असते. त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्यापर्यंत थांबणे इष्ट. गरोदरपणातही हा बेत पुढे ढकलावा.

ओठावर नागीणसदृश पुटकुळ्या म्हणजे हर्पीस उठलेले असताना, तोंड आलेले असताना किंवा दाताला पू झालेला असताना टोचू नये. दातांना तारा बसविलेल्या असल्यास, अथवा लवकरच बसवावयाच्या असल्यास, त्या दंतवैद्यांशी बोलून मगच निर्णय घ्यावा. घरात कोणाला जखमेवर वाढत जाणारी जाड गाठ, म्हणजे केलॉइड होण्याची प्रवृत्ती असेल, तर ती आपल्यातही असू शकते. सावळ्या व काळ्या वर्णाच्या लोकांत केलॉइडचे प्रमाण गोऱ्या वर्णापेक्षा अधिक असते.

नकली पितळी दागिन्याने किंवा घड्याळाच्या पट्ट्याने ज्यांना खाज सुटते, त्यांना निकेलची अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता आहे. त्यांनी धातूविषयी दुप्पट काळजी घ्यावी. बासरी आणि सनईवादकांनी आणखी एक विचार करावा. त्यांच्या कलेत ओठांच्या सूक्ष्म हालचालींना महत्त्व असते. तेथे आठवडाभराची सूजही रियाज थांबवू शकते.

स्टुडिओची पारख

भारतात पिअर्सिंगच्या व्यवसायासाठी स्वतंत्र देशव्यापी परवानापद्धती नाही. त्यामुळे दुकानाच्या भिंतीवरील प्रमाणपत्र पाहून निश्चिंत होता येत नाही. ग्राहकालाच डोळे उघडे ठेवून पाहणी करावी लागते.

पहिली गोष्ट म्हणजे सुई. ती पोकळ, निर्जंतुक आणि एकदाच वापरावयाची असावी. तिचे सीलबंद पाकीट ग्राहकासमोर उघडले जावे आणि वापरानंतर ती भोक न पडणाऱ्या डब्यात टाकली जावी. कान टोचण्याचे यंत्र, ज्यास बंदूक म्हणतात, ते ओठासाठी मुळीच वापरू नये. त्याचा प्लास्टिकचा भाग उच्च तापमानात निर्जंतुक करता येत नाही. शिवाय ते बोथट दागिना जोराने आत घुसविते, त्यामुळे भोवतालचा भाग चिरडला जातो.

दुसरी गोष्ट ऑटोक्लेव्ह. पुन्हा वापरावयाची उपकरणे दाबाखालील वाफेत निर्जंतुक करणारे हे यंत्र, साधारण १२१ अंश सेल्सिअसला १५ ते २० मिनिटे चालवितात. उकळते पाणी किंवा स्पिरिटचा बोळा ही त्याची जागा घेऊ शकत नाहीत. ब प्रकारच्या काविळीचा विषाणू शरीराबाहेर, कोरड्या पृष्ठभागावरही किमान सात दिवस तग धरून राहू शकतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आग्रहाचे कारण कळते. क प्रकारची कावीळ आणि एचआयव्ही यांचाही प्रसार दूषित सुईतून होऊ शकतो.

यांपैकी ब काविळीवर लस आहे. सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात ती देशभर २०११ च्या सुमारास पोचली. त्यापूर्वी जन्मलेल्या अनेकांनी ती घेतलेली नसते. प्रौढांना ती शून्य, एक आणि सहा महिने अशा तीन मात्रांत दिली जाते. धनुर्वाताची लस दहा वर्षांपूर्वी घेतलेली असेल, तर तीही घेऊन टाकावी. क काविळीवर आणि एचआयव्हीवर मात्र लस उपलब्ध नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे माणूस. टोचणाऱ्याने हात धुऊन नवे हातमोजे घातले का? मध्येच मोबाइलला हात लावल्यास ते बदलले का? त्याने प्रकृतीविषयी प्रश्न विचारले का? जागा योग्य नसेल तर नकार देण्याची त्याची तयारी आहे का? जो कारागीर प्रत्येकाला ‘होऊन जाईल’ म्हणतो, त्याच्यापेक्षा जो एखाद्याला परत पाठवितो त्याच्यावर अधिक विश्वास ठेवावा. घरपोच मिळणारे टोचण्याचे संच आणि मैत्रिणीच्या हातची शिवणाची सुई, हे दोन्ही मार्ग कटाक्षाने वर्ज्य समजावेत.

सोने, चांदी की टायटॅनियम?

मराठी घरात पहिला दागिना सोन्याचाच असावा, असा संकेत आहे. कानाच्या बाबतीत तो चालून गेला. ओठात मात्र २२ कॅरट सोने योग्य ठरत नाही. त्यात ९१.६ टक्के सोने असल्याने ते मऊ असते, त्यावर लवकर चरे पडतात आणि त्या चऱ्यांत जंतू साठतात. सोनेच हवे असेल तर ते १४ ते १८ कॅरटचे आणि निकेलविरहित असावे. चांदी ताज्या जखमेत घालू नये. ती काळी पडते आणि त्वचेवर डाग राहू शकतो. सोन्याचा मुलामा दिलेले दागिने तर नकोतच.

पहिल्या दागिन्यासाठी शरीरात बसविण्याच्या दर्जाचे टायटॅनियम सर्वांत सुरक्षित मानले जाते. शस्त्रक्रियेत वापरतात त्या ‘एफ १३६’ मानकाचे आहे का, असे विचारावे. ‘सर्जिकल स्टील’ हा शब्द ऐकण्यास भारदस्त असला, तरी त्या नावाखाली अनेक प्रकारचे पोलाद विकले जाते आणि त्यात निकेल असते. युरोपीय संघाने टोचलेल्या भागातील दागिन्यातून सुटणाऱ्या निकेलवर आठवड्याला दर चौरस सेंटीमीटरला ०.२ मायक्रोग्रॅम अशी मर्यादा घातली आहे, यावरून या धातूविषयीची धास्ती लक्षात यावी.

दागिन्याचा आकारही महत्त्वाचा. आरंभी रिंग घालण्यापेक्षा सपाट चकतीची सरळ दांडी बरी, कारण रिंग फिरत राहते आणि जखम चोळली जाते. फिरकीचे आटे दांडीच्या आतल्या बाजूस असावेत. बाहेर असल्यास ते घालताना ओठ आतून खरवडला जातो.

प्रत्यक्ष टोचताना

आधी पोटभर जेवलेले असावे. उपाशीपोटी चक्कर येण्याचा संभव असतो. मद्य घेतलेले नसावे. टोचणारा प्रथम प्रकाशात ओठ आतून पाहून रक्तवाहिन्या टाळतो, मग जंतुनाशकाने पुसून जागेची खूण करतो. ही खूण आरशात पाहून, बोलून आणि हसून तपासावी, आणि पसंत नसल्यास पुसून दुसरी करावयास सांगण्यात संकोच करू नये. सुई साधारणपणे १६ गेज, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर जाडीची असते. प्रत्यक्ष टोचणे काही क्षणांचेच असते आणि दागिना लगोलग घातला जातो. भुलीचे इंजेक्शन देणे हे डॉक्टरांचे काम आहे. स्टुडिओत ते कोणी देऊ करीत असल्यास तेथून उठावे हे बरे.

पहिली दांडी मुद्दाम लांब घातली जाते. सुजेला जागा हवी, हे त्याचे कारण. ती बेढब दिसते म्हणून आखूड दांडीचा हट्ट धरल्यास सुजलेला ओठ चकतीवर चढतो आणि ती आत रुतून बसते. मग ती डॉक्टरांना कापून काढावी लागते.

पहिले दोन महिने

पहिले तीन ते पाच दिवस सूज, थोडे रक्त, काळेनिळेपण आणि ठणका असणे स्वाभाविक आहे. पांढुरकी पिवळट लस येऊन तिची खपली धरते. हा पू नव्हे. जखम पूर्ण भरण्यास सहा ते बारा आठवडे लागतात. वरून ती लवकर बरी झाल्यासारखी दिसते, आतून मात्र कच्ची असते.

बाहेरची बाजू दिवसातून दोनदा ०.९ टक्के निर्जंतुक सलाइनने स्वच्छ करावी. हे औषधाच्या दुकानात मिळते. आतून, प्रत्येक खाण्यानंतर अल्कोहोल नसलेल्या माउथवॉशने किंवा सलाइनने अर्धा मिनिट चूळ भरावी. नवा मऊ ब्रश घ्यावा. दागिन्याला हात लावण्यापूर्वी हात धुवावेत, आणि विनाकारण लावूच नये. तो गोल फिरविण्याची जुनी सूचना आता बाद झाली आहे. फिरविल्याने नवी त्वचा फाटते.

हळद, खोबरेल तेल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यांपैकी काहीही लावू नये. हळदीवर घराघरांत श्रद्धा असली, तरी स्वयंपाकघरातील हळद निर्जंतुक नसते आणि तिचे कण जखमेत अडकतात. पहिल्या आठवड्यात मऊ, गार अन्न घ्यावे. मिसळ आणि वाफाळता चहा यांना थोडी विश्रांती द्यावी. सिगारेट, तंबाखू, मावा, मद्य जखम भरेपर्यंत बंद. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तोंडात जखम असताना तर तो चोरूनही खाऊ नये. चुंबन, दुसऱ्याचा पेला, तरणतलाव, पेनचे टोपण चावणे हेही टाळावे. दुचाकीस्वारांनी पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट काढताना-घालताना सांभाळावे. हेल्मेट घालणे सोडू मात्र नये.

दोन ते चार आठवड्यांत सूज उतरली, की स्टुडिओत जाऊन आखूड दांडी बसवून घ्यावी. ही दुसरी फेरी बहुतेक जण टाळतात, आणि हिरड्यांचे नुकसान तेथूनच सुरू होते.

धोक्याची लक्षणे

पाच दिवसांनंतरही सूज वाढत असेल, लाली पसरत असेल, जखमेतून दाट हिरवट किंवा दुर्गंधीयुक्त पू येत असेल, ताप किंवा थंडी भरून येत असेल, हनुवटीखाली गाठी दुखत असतील, तर डॉक्टरांकडे जावे. गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागल्यास, चेहरा अथवा डोळ्याभोवतीचा भाग सुजल्यास, दाबूनही रक्त न थांबल्यास थेट रुग्णालय गाठावे.

पू झाल्यावर घाबरून दागिना काढून टाकण्याकडे कल असतो. तसे परस्पर करू नये. भोक वरून बुजते आणि पू आत कोंडतो. दागिना ठेवावा की काढावा, हे डॉक्टरांना ठरवू द्यावे. घरातील उरलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेणेही अयोग्य.

घर, नोकरी आणि रक्तदान

अठरा वर्षांखालील मुलामुलींना कायद्याने करार करता येत नाही. म्हणून जबाबदार स्टुडिओ पालकांच्या उपस्थितीविना त्यांना टोचत नाहीत. वयाचा पुरावा न मागणारा स्टुडिओ इतर बाबतींतही तितकाच सैल असण्याची शक्यता धरावी. पालकांच्या दृष्टीने विचार करता, नुसता नकार दिल्यास मूल लपूनछपून, स्वस्तातल्या ठिकाणी जाते. त्यापेक्षा बरोबर जाऊन दोन स्टुडिओ पाहणे आणि दंतवैद्यांचे मत घेणे अधिक उपयोगाचे ठरते. पुष्कळदा त्या भेटीनंतर मूल स्वतःच थांबते. न थांबल्यास किमान सुरक्षित हातांत जाते.

विमानसेवा, आदरातिथ्य, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांत चेहऱ्यावरील दागिन्यांविषयी नियम असतात. मुलाखतीच्या दिवशी काढून ठेवू, हा हिशेब नव्या जखमेच्या बाबतीत चुकतो; ती काही तासांतही आकसू शकते. एमआरआय तपासणी आणि भूल देऊन होणारी शस्त्रक्रिया यापूर्वीही दागिना काढावा लागतो. लग्न, परीक्षा किंवा मोठा प्रवास तोंडावर असताना टोचून घेऊ नये.

नियमित रक्तदान करणाऱ्यांनी आणखी एक नोंद घ्यावी. भारतातील नियमांनुसार शरीर टोचून घेतल्यानंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही. दरवर्षी एखाद्या शिबिरात हजेरी लावणाऱ्याला हे आधी ठाऊक असलेले बरे.

विचार बदलला तर

दागिना काढल्यावर भोक बहुधा बुजते. बाहेरून बारीक खळगी किंवा ठिपका मात्र राहू शकतो. दागिना कशात अडकून ओठ फाटल्यास टाके घालावे लागतात. केवळ एखाद्या समारंभापुरती हौस असेल, तर न टोचता ओठाला अडकविण्याच्या रिंगा मिळतात. त्या लावून आठवडाभर आरशात पाहावे. तेवढ्याने हौस फिटली, तर सुई, सूज आणि खर्च हे सारेच वाचते.

थोडक्यात, टोचण्याच्या दिवशी पुढील प्रश्नांची उत्तरे ‘होय’ अशी यावयास हवीत :

• दंतवैद्यांनी दात आणि हिरड्या पाहिल्या आहेत काय?
• ब कावीळ आणि धनुर्वाताची लस झाली आहे काय?
• सुईचे सीलबंद पाकीट समोर उघडले जाणार आहे काय?
• स्टुडिओत चालू स्थितीतील ऑटोक्लेव्ह आहे काय?
• दागिना निकेलमुक्त आणि सपाट चकतीचा आहे काय?
• महिनाभरात आखूड दांडीसाठी परत येण्याची तयारी आहे काय?
• तंबाखू आणि मद्य दोन-तीन महिने सोडता येईल काय?

यांपैकी एकाही प्रश्नाला उत्तर ‘नाही’ असेल, तर त्या दिवशी परत फिरावे. ओठ कोठे पळून जात नाही. योग्य सोनार सापडेपर्यंत थांबण्यात काहीच नुकसान नाही. चुकीच्या हाती गेल्यास मात्र किंमत दातांनी मोजावी लागते.